मी टॅप शिकायला गेलो

ही गोष्ट सांगावी की नाही, यावर माझं आणि रीनाचं अजून एकमत झालेलं नाही. तिचं म्हणणं, "सांग, पण मी घरात नसताना सांग." आज ती शिफ्टला गेलीय. तेव्हा चहा घ्या, बिस्किटं घ्या आणि ऐका.

रीना माझी बायको. आम्ही दोघंही वसईचे. मी इथे सिडनीला शिकायला आलो, मग पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी मिळाली, मग क्वेकर्स हिलला घर झालं. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधून काढणं हा माझा पेशा. हे मुद्दाम आधीच सांगतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला जास्त बरं वाटेल.

तर झालं काय, आमच्या किचनचा नळ गळायला लागला. प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, "नो वरीज मेट, तीन आठवड्यांनी येतो."

"वसईला असतो तर बबन दहा मिनिटांत आला असता," रीना म्हणाली.

"बबन दहा मिनिटांत यायचा, पण मग दहा दिवस जायचा नाही."

"मग तू शिकून घे. इथले सगळे पुरुष घरची कामं स्वतः करतात."

"मी टेस्टर आहे गं."

"मग टेस्ट कर ना. गळतोय की नाही ते."

असं कुणी बोललं की माणूस काहीतरी करायला घराबाहेर पडतो. मी लायब्ररीत पुस्तकं परत करायला गेलो. शेजारीच कम्युनिटी सेंटर. त्याच्या दाराशी नोटिसबोर्ड. डावीकडे सायकल दुरुस्तीचा वर्ग, उजवीकडे पडदे शिवण्याचा वर्ग, आणि मधल्या कागदावर कुणीतरी भलंमोठं योगासनांचं पोस्टर टाचून ठेवलेलं. त्या पोस्टरच्या खालून मधल्या कागदाच्या फाडून न्यायच्या चिठ्ठ्या तेवढ्या लोंबत होत्या. एक फाडली. त्यावर लिहिलं होतं: टॅप, बिगिनर्ससाठी. शनिवारी दुपारी दोन. मोठा हॉल. स्वतःचे शूज आणावेत.

आता तुम्हीच सांगा. सायकल दुरुस्ती आणि पडदे यांच्या मधोमध "टॅप" लिहिलं असेल तर माणूस काय समजेल? घरात नळ गळत असताना? आणि "शूज आणावेत" वाचून तर माझी खात्रीच पटली. म्हटलं, सेफ्टी! या देशात शूजशिवाय नळाला हात लावू देणार नाहीत.

वरचं पोस्टर उचलून बघावं, असं टेस्टरच्या मनात आलं नाही.

शनिवारी बरोबर दोनला मी हॉलवर हजर. हातात टूलबॉक्स. त्यात दोन पाने, पक्कड, टेफ्लॉन टेप आणि सहा साइझचे वॉशर. पायात स्टीलकॅपचे बूट, स्टुडंट असताना वेअरहाऊसमध्ये काम करायचो तेव्हाचे. प्रत्येक बूट एकेका किलोचा असेल.

हॉलमध्ये सात म्हाताऱ्या बायका आणि रॉन नावाचे एक आजोबा. लाकडी जमीन आणि एका भिंतीला हे एवढे आरसे. मी मनात म्हटलं, बाथरूमच्या फिटिंगपासून सुरुवात दिसतेय.

शिकवणारी बाई पुढे आली. तिचं नाव बेरिल. वय सत्त्याऐंशी, वजन माझ्या टूलबॉक्सइतकं, ओठांना लालभडक लिपस्टिक. मला वाटलं, काय देश आहे! या वयात बाई नळ दुरुस्त करतेय. अर्थात बोलणं इंग्रजीत झालं, पण मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"टॅपचं आधी काही केलंयस का, लव्ह?"

"घरी. किचनमध्ये."

"किचनसारखी जागा नाही! जमीन कसली आहे?"

"टाइल्स."

"मग आवाज मस्त येत असेल."

"आवाजाचं तर विचारूच नका. आठवडा झाला, चोवीस तास टप टप टप टप. बायकोला झोप नाही."

बेरिल माझ्याकडे बघतच राहिली. "चोवीस तास? आणि बायको काही बोलत नाही?"

"तीच म्हणाली, जा आणि एकदाचं नीट शिकून घे."

"देवमाणूस आहे तुझी बायको. बरं, अडचण नक्की कुठे येते?"

"वॉशर गेलाय असं वाटतं."

बेरिलने हळूच स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. "सगळ्यांचेच गेलेत, लव्ह. तरी आपण करतोच ना?"

मला हे फार तत्त्वज्ञानाचं वाटलं. तिने माझ्या बुटाच्या टोकावर हातातली काठी आपटली. ठण्ण! सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. "लोखंड आतून लावलंयस?" ती म्हणाली. "आम्ही बाहेरून लावतो. पण चालेल, चालेल!" आणि माझं नाव विचारून, टाळी वाजवून सगळ्यांना म्हणाली, "गर्ल्स! हा नेल्सन. हा घरी चोवीस तास प्रॅक्टिस करतो!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रॉनने तर उभं राहून. त्याच्या खुब्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं असताना!

मग बेरिलने भिंतीवर प्रोजेक्टर लावला. एक जुना सिनेमा. जहाजाचा डेक, पन्नास खलाशी कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून फरशी पुसतायत. मी वही काढली. मला वाटलं, सेफ्टी व्हिडिओ. इथे कुठल्याही गोष्टीच्या आधी सेफ्टी व्हिडिओ असतो. एका खलाशाने बादली लवंडली. डेकभर पाणी! मी लिहून घेतलं: "पाणी सांडल्यास घसरण्याचा धोका."

तेवढ्यात पन्नासच्या पन्नास खलाशी एकदम नाचायला लागले.

पाय दिसेनात इतके जोरात. टकटक, टकटक, बुटाच्या तळाला पत्रे ठोकलेले. आणि माझ्या शेजारच्या बाईने पिशवीतून तसेच पत्र्याचे बूट काढून पायात चढवले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टॅप डान्स!

तुम्ही म्हणाल, मग निघून का नाही आलास? अहो, कसा येणार? ज्या माणसासाठी खुबा बदललेला आजोबा उभा राहून टाळ्या वाजवतो, त्याने पाच मिनिटांनी "सॉरी, मी नळासाठी आलो होतो" असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? मी टूलबॉक्स पायानेच हळूच खुर्चीखाली सरकवला आणि रांगेत उभा राहिलो.

पहिल्या दिवशी माझ्या बुटांनी हॉलच्या जमिनीला दोन खड्डे पडले. बेरिल म्हणाली, "जोश चांगला आहे."

घरी आलो तर घामाने निथळत होतो.

"काय शिकवलं?" रीनाने विचारलं.

"बेसिक."

"एवढा घाम?"

"प्रॅक्टिकल होतं."

आता तिला खरं सांगायची हीच वेळ होती, हे मला आज कळतं. पण तिने तोपर्यंत तिच्या बहिणीला वसईला फोन करून सांगितलं होतं, की नेल्सन इथे नळदुरुस्तीचा कोर्स करतो. सरकारी! मग मी दुसऱ्या दिवशी एक व्हिडिओ बघितला, नळ उघडला, वॉशर बदलला. आणि नशीब कसं असतं बघा. नळ गळायचा थांबला!

तो गळत राहिला असता तर मी वाचलो असतो.

रीनाचा चेहरा असा फुलला की लग्नाच्या दिवशीही तेवढा फुलला नव्हता. संध्याकाळी आम्ही हॅरिस पार्कला वाणसामान आणायला गेलो, तिथे सुहास भेटला. सुहास आमचा मित्र, मूळचा पुण्याचा, राहतो टूनगॅबीला. रीनाने भाजी निवडता निवडता त्याला सगळं सांगून टाकलं. झालं! सुहासला सांगणं आणि मराठी ग्रुपला सांगणं यात फरक फक्त दहा मिनिटांचा.

पुढच्या शनिवारी मी निमूटपणे क्लासला गेलो. न जाऊन करतो काय? रीना दीड वाजताच दारात टूलबॉक्स घेऊन उभी!

आणि खरं सांगू? मला आवडायला लागलं.

मला हॉलिवूड म्हणजे इमारती कोसळतात आणि हेलिकॉप्टरं फुटतात एवढंच माहीत. बेरिल दर शनिवारी आधी अर्धा तास दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले ते नाचगाण्यांचे सिनेमे दाखवायची. गोष्ट बहुतेक एकच. खलाशाला दोन दिवसांची सुट्टी मिळते. तेवढ्यात तो प्रेमात पडतो, भांडतो, गैरसमज करून घेतो, तो निस्तरतो आणि शंभर बायकांबरोबर जिन्यावरून नाचत खाली येतो. आम्हाला दोन दिवस सुट्टी मिळाली तर लॉन कापून होत नाही! युद्ध चाललंय म्हणतात, पण दिसतो फक्त युनिफॉर्म. घाम नावाचा पदार्थ तेव्हा अमेरिकेत पोहोचलाच नव्हता बहुतेक.

मी हे बेरिलला बोलून दाखवलं. ती हसली नाही.

"माझे वडील न्यू गिनीत लढत होते," ती म्हणाली. "आई दिवसभर कारखान्यात पॅराशूट शिवायची. शनिवारी मला घेऊन पिक्चरला जायची. आधी युद्धाच्या बातम्या दाखवायचे, तेव्हा ती माझा हात घट्ट धरायची. मग नाच सुरू झाला की सोडायची. मला तेवढंच आठवतं. हात सोडायची ते." घरी येऊन ती पोरगी बाटल्यांची बुचं बुटांना बांधून किचनमध्ये नाचायची आणि आई बघत बसायची.

मग तिने सिनेमा थांबवला आणि जिन्यावरच्या शेवटच्या ओळीतली एक मुलगी दाखवली. "हिचं नाव पाटीवर येत नाही. कॅमेरा हिच्याकडे बघतही नाही. पण हसू बघ हिचं! हिरॉइनपेक्षा तसूभर कमी नाही. काहीही झालं तरी हसू सोडायचं नाही, नेल्सन. समोर बसलेल्यांना घरी पुरेशा काळज्या असतात."

त्या दिवसापासून मी टूलबॉक्स मनापासून उचलायला लागलो.

नाचाच्या स्टेप्स लक्षात राहाव्यात म्हणून मी त्यांची नावं वहीत लिहून ठेवायचो. एक दिवस ती वही रीनाच्या हाती लागली. मी म्हटलं, मेलो. ती मोठ्याने वाचायला लागली, "फ्लॅप. फ्लॅप. बॉल चेंज. मग परत फ्लॅप. शेवटी ड्रॉप."

तिने वहीतून मान वर केली.

"बॉल म्हणजे फ्लशच्या टाकीत असतो, तोच ना?"

"...तोच."

"आणि दर वेळी चेंज करावा लागतो?"

"बिगिनर्सना करावा लागतो."

तिने वही आदराने मिटली.

चौथ्या आठवड्यात सुहासचा फोन. "नेल्या, माझ्या फ्लशचं पाणी थांबतच नाही रे. येऊन बघ ना." गेलो. टाकीचं झाकण उचललं. आत एक बॉल तरंगत होता. मी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं आणि गंभीर आवाजात म्हणालो, "बॉल चेंज करावा लागेल." दुसरं काही सांगण्यासारखं मला येतच नव्हतं. सुहासने दुकानातून नवा बॉल आणून बसवला. पाणी थांबलं!

सुहासने ग्रुपवर लिहिलं, "नेल्सनने हात न लावता, नुसतं बघून सांगितलं."

मग काय विचारता! कुणाचा शॉवर, कुणाचं सिंक, कुणाचा गीझर. मी एकच उत्तर द्यायचो, "कोर्स पूर्ण झाल्याशिवाय मला हात लावता येत नाही. कायदा आहे." कायदा म्हटलं की आपली माणसं इथे लगेच गप्प बसतात. पण गप्प बसली म्हणजे विसरली असं नाही. सगळे माझा कोर्स संपायची वाट बघत होते, एवढंच.

नवव्या शनिवारी क्लासचा शेवट होता आणि त्या दिवशी बेरिलने हॉलमध्येच शो ठेवला होता. जवळच्या वृद्धाश्रमातले साठेक आजी-आजोबा बघायला येणार होते. जहाजावरचं कँटीन, प्लायवूडचा पाच पायऱ्यांचा जिना. रॉन कॅप्टन, खुर्चीत बसून. सात बायका कँटीनमधल्या मुली. आणि सुट्टीवर आलेला देखणा खलाशी, म्हणजे दुसरं कोण? पर्यायच नव्हता. एका आजींनी मला चादरीचा पांढरा खलाशी सूट शिवून दिला. माप त्यांनी लाजून दुरूनच घेतलं होतं, त्यामुळे तो पोटावर फार प्रामाणिक बसला.

"शेवटच्या दिवशी काय असतं?" रीनाने विचारलं.

"जे शिकवलं ते सगळ्यांसमोर करून दाखवायचं."

"म्हणजे प्रॅक्टिकलची परीक्षा."

"तसंच काहीतरी."

बघा, यातला एक शब्दही खोटा नाही. पण रीनाने पुढे काय केलं असेल? तिने सुहासला सांगितलं. सुहास म्हणाला, "परीक्षा आहे तर धीर द्यायला जायला हवं."

पडदा सरकला. ग्रामोफोनसारखं खरखरीत बँडचं संगीत सुरू झालं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर, टोपी तिरकी, पायात आता खरे पत्र्याचे बूट. पहिली पायरी उतरलो. दुसरी उतरलो. तिसऱ्या पायरीवर समोर लक्ष गेलं.

दुसऱ्या रांगेत रीना. शेजारी सुहास, हातात पेढ्यांचा बॉक्स. आणि त्याच्या पलीकडे आमचा अख्खा मराठी ग्रुप. बारा जण. एकाच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत काढून आणलेला शॉवर.

माझे पाय कुठे गेले ते मला कळलं नाही. बायका उजवीकडे वळल्या, मी डावीकडे वळलो आणि थेट रॉनच्या खुर्चीवर जाऊन आदळलो. रॉन पक्का गडी. त्याने मला कडक सॅल्यूट ठोकला. मीही ठोकला. लोक हसले. पडद्याआडून बेरिल दोन्ही गालांवर बोटं ठेवून मला खूण करत होती. स्माइल!

मी हसलो. गाल दुखेपर्यंत हसलो. फ्लॅप, फ्लॅप, बॉल चेंज. पुढच्या रांगेतल्या व्हीलचेअरमधल्या एका आजीने काठीने ताल धरला. मग दुसऱ्या आजोबांनी. मग सगळ्या हॉलने. एक आजी डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांचे फक्त पाय हलत होते. त्या तीन मिनिटांत मी रीनाला विसरलो, शॉवरला विसरलो. खोटं कशाला बोलू, मला वाटलं मला थोडंफार येतंय.

शो संपला. मागच्या टेबलावर चहा आणि स्कोन्स. मी चादरीच्या सुटात उभा आणि माझ्याकडे ती सगळी वरात येतेय. मी मनातल्या मनात चर्चमधली 'आमचा बाप' ही प्रार्थना म्हणायला सुरुवात केली.

सुहासने येऊन मला कडकडून मिठी मारली. "अभिनंदन! कोर्सच्या शेवटी गॅदरिंगसुद्धा ठेवतात? आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजला पण असायचं!"

त्यांना अजूनही वाटत होतं की हा प्लंबरांचा वर्ग आहे! बेरिल, त्या सात बायका, खुर्चीतला रॉन. सगळे प्लंबर!

"आणि काय नाचलास रे!" सुहास म्हणाला. "प्लंबरच्या मानाने तर फारच छान!"

"हो ना," बाकीचे म्हणाले. "प्लंबरच्या मानाने खरंच कमाल."

रीनाचे डोळे भरून आले होते. "एवढ्या अभ्यासातून वेळ काढून नाचही बसवलास," ती म्हणाली.

हे मात्र मला सोसेना. खोट्याचं एक वेळ ठीक, पण त्या खोट्यावर बायको रडायला लागली की माणसाने थांबावं. मी टोपी काढली.

"रीना, मी प्लंबर नाही. हा नळाचा क्लास नाहीच. हा टॅप डान्सचा क्लास आहे. मी चिठ्ठी चुकीची वाचली, मग सांगायची लाज वाटली. नळ मी व्हिडिओ बघून केला. सुहासचा बॉल अंदाजाने सांगितला. मी नऊ शनिवार इथे फक्त नाच शिकत होतो."

पिशवीतल्या शॉवरमधून थोडं पाणी जमिनीवर सांडलं.

रीना माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ही ओरडणार, नाहीतर घरी जाऊन बोलणं बंद. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिथे काहीतरी हिशेब जुळत नसल्यासारखं दिसत होतं. शेवटी सुहासनेच विचारलं, अगदी हळू, आजाऱ्याच्या खोलीत विचारतात तसं.

"नऊ आठवडे?"

"हो."

"दुसरं काहीच नाही? फक्त हेच?"

"फक्त हेच."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. सुहासने पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातात दिला आणि पाठीवर थोपटलं. रीनाने माझी टोपी घेतली, माझ्या डोक्यावर सरळ बसवली आणि कानाशी येऊन म्हणाली, "हे बघ, मी तुला घरात काही बोलणार नाही. पण नाच बघणाऱ्यांना तू प्लंबर आहेस असंच सांग."

बेरिलने मला पुढच्या शोमध्येही घेतलंय. आता नाचायच्या आधी मी पुढे येतो, टोपी काढतो आणि लोकांना सांगून टाकतो, की मी प्लंबर आहे. टाळ्या दुप्पट पडतात.